‘कंट्रोल-यू’ एक दाखवतं आणि ‘इन्स्पेक्ट’ दुसरंच

प्रश्न थोडक्यात असा: दुकानाची साइट एका एजन्सीकडून करून घेतली आहे. ब्राउझरमध्ये पान नीट दिसतं. पण कंट्रोल आणि यू दाबून सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडला तर त्यात एकाही वस्तूचं नाव नाही, किंमत नाही. राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ केलं तर सगळं जागच्या जागी. मग खरा सोर्स कोणता? मोबाईलवर तो कसा बघायचा? आणि दुसऱ्याच्या साइटचा सोर्स उघडून बघितला तर कायद्याच्या कचाट्यात सापडायला होतं का?

दोन्ही खरे आहेत, फक्त वेळ वेगळी. कंट्रोल-यूने दिसतो तो सर्व्हरने पाठवलेला मजकूर, जसा आला तसा. इन्स्पेक्टमध्ये दिसतं ते त्या मजकुरावरून ब्राउझरने मेमरीत उभं केलेलं झाड. त्याला डॉम म्हणतात, आणि तेही अगदी या क्षणाचं. जावास्क्रिप्टने, म्हणजे पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने, घातलेली भर, ब्राउझरने परस्पर केलेली दुरुस्ती, तुम्ही टाकलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनची लुडबुड, सगळं त्यात आलं. तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे सर्व्हरवरचा पीएचपी, पायथन किंवा जो काही असेल तो कोड. तो या दोन्ही ठिकाणी दिसत नाही. ‘सोर्स बघून अख्खी साइट उचलता येते’ असं कोणी सांगत असेल तर त्याला ही तिसरी गोष्ट माहीत नाही असं समजा. म्हणून सोर्स उघडण्याआधी स्वतःला विचारायचं: सर्व्हरने काय पाठवलं हे मला बघायचंय, की आत्ता पडद्यावर काय आहे हे? उत्तरावरून हत्यार ठरतं.

उघडण्याची कृती दोन ओळींची आहे. विंडोज आणि लिनक्सवर क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हींत कंट्रोल-यू. मॅकवर फायरफॉक्समध्ये कमांड-यू, क्रोममध्ये ऑप्शन-कमांड-यू. सफारीत आधी सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन वेब डेव्हलपरसाठीच्या सोयी चालू कराव्या लागतात, मग तिथेही ऑप्शन-कमांड-यू चालतं. शिवाय अ‍ॅड्रेस बारमध्ये पानाच्या पत्त्याआधी इंग्रजीत ‘व्ह्यू-सोर्स’ आणि लगेच कोलन, मध्ये जागा न सोडता, असं टाइप केलं तरी तेच पान उघडतं. हा मार्ग लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

क्रोममध्ये सोर्सच्या वरच ‘लाइन रॅप’ची चौकट असते. तिच्यावर टिक करा, नाहीतर एका ओळीत कोंबलेलं पान आडवं सरकवत बसावं लागेल. फायरफॉक्सचा सोर्स मला जास्त आवडतो, कारण चुकलेला टॅग, म्हणजे एचटीएमएलमधली कोनकंसातली खूण, तो लाल रंगात दाखवतो आणि त्यावर माउस नेला की काय चुकलं तेही सांगतो. आणखी एक सोय फारशी कोणी वापरत नाही: फायरफॉक्समध्ये पानावरचा थोडासा मजकूर निवडून राइट क्लिक केलं की फक्त तेवढ्या तुकड्याचा सोर्स बघता येतो. मात्र तो डॉमवरून बनवलेला असतो, सर्व्हरकडून आलेला नव्हे.

या दोहोंतला फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर जगातल्या पहिल्या वेबसाइटवर जा. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभं केलं. तिथलं ‘वर्ल्ड वाइड वेब’ प्रकल्पाची ओळख करून देणारं पान सर्नने २०१३ साली मूळ पत्त्यावर परत ठेवलंय: इन्फो डॉट सर्न डॉट सीएच. तिथून त्या जुन्या पानावर जाऊन कंट्रोल-यू दाबा. सुरुवातीला डॉकटाइप, म्हणजे पानाचा प्रकार सांगणारी ओळ, नाही, एचटीएमएल टॅग नाही, आणि पानाविषयीची माहिती ठेवणारा ‘हेड’ हा भागही नाही. पहिलाच टॅग आहे ‘हेडर’, त्यात टायटल, त्याखाली ‘नेक्स्टआयडी’ नावाचा आज कोणीही वापरत नाही असा टॅग आणि त्यात ५५ हा आकडा. बर्नर्स-ली यांचा ब्राउझर संपादकही होता. पुढच्या दुव्याला कोणता क्रमांक द्यायचा याची नोंद तो तिथे ठेवायचा. मग बॉडी, म्हणजे पडद्यावर दिसणारा भाग, सुरू होते. परिच्छेदाचा ‘पी’ टॅग उघडलेला आहे, पण बंद कुठेच केलेला नाही.

आता त्याच पानावर इन्स्पेक्ट करा. चित्र पालटलेलं दिसेल. एचटीएमएल टॅग आला, हेड आलं पण रिकामं, आणि टायटल चक्क बॉडीच्या आत, हेडरच्या पोटात जाऊन बसलेलं. कारण आजच्या नियमांत ‘हेडर’ हा बॉडीतला टॅग आहे. ब्राउझरला तो दिसला तेव्हा त्याने समजून घेतलं की हेड संपलं, बॉडी सुरू झाली, आणि पुढे आलेला खरा बॉडी टॅग गिळून टाकला. उघडे राहिलेले ‘पी’ टॅगही त्याने आपल्या मनाने बंद केले. पानावर एक ओळही जावास्क्रिप्ट नसताना एवढा फरक पडतो.

असल्या दुरुस्त्या रोजच्या कामात नडतात त्या तक्त्यांमध्ये. तक्ता लिहिताना बहुतेक जण टेबलच्या आत थेट ओळी, म्हणजे ‘टीआर’, लिहितात. ब्राउझर मध्ये ‘टीबॉडी’ घुसवतो. एखादा विद्यार्थी इन्स्पेक्टमधून एक्सपाथ, म्हणजे पानातल्या एखाद्या घटकाचा पत्ता, कॉपी करतो, पायथनच्या स्क्रिप्टमध्ये टाकतो, आणि हाती काहीच लागत नाही. स्क्रिप्टला मिळतो तो कच्चा मजकूर. त्यात टीबॉडी नसतोच. बाजारभाव, निकाल, पावसाचे आकडे अशा पानांवरून माहिती गोळा करणाऱ्यांनी पत्ता नेहमी कंट्रोल-यूवरून ठरवावा.

आता दुकानाच्या साइटकडे येऊ. सोर्समध्ये बॉडी उघडून बघा. जवळपास खात्रीने ‘रूट’ किंवा ‘अ‍ॅप’ अशा आयडीचा एक रिकामा डिव्ह, म्हणजे पानातला कप्पा, आणि त्याखाली एक-दोन स्क्रिप्ट टॅग, एवढंच असेल. ही साइट रिअ‍ॅक्ट, व्ह्यू किंवा तत्सम जावास्क्रिप्टच्या तयार साच्यात केलेली आहे आणि पान ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये तयार होतंय. सर्व्हर आधी रिकामी चौकट पाठवतो, मग जावास्क्रिप्ट येतं, ते वस्तूंची यादी वेगळ्याने मागवतं आणि चौकट भरतं. ती यादी कुठून येते हे बघायचं असेल तर एफ-१२ दाबून नेटवर्क हे पॅनेल उघडा, पान रीलोड करा आणि वर ‘फेच’ गाळणी लावा. जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या मांडणीत नावं आणि किमती येताना दिसतील.

पान असं ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये तयार करणं चूक आहे का? दुकानदाराच्या दृष्टीने, माझ्या मते, हो, निदान वस्तूंच्या पानांसाठी. कारण सगळे वाचक माणसं नसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला की खाली चित्र आणि नाव येतं, ते पानाच्या हेडमधल्या ओजी टॅगांवरून: ओजी-टायटल, ओजी-डिस्क्रिप्शन, ओजी-इमेज. ते वाचणारं यंत्र तुमचं जावास्क्रिप्ट चालवत बसत नाही, कच्चा मजकूर घेतं आणि पुढे जातं. पैठणीचा दुवा पाठवला आणि चित्राऐवजी नुसता एजन्सीचा लोगो आला, किंवा सगळ्या वस्तूंना एकच नाव आलं, तर कारण इथे सापडतं. इन्स्पेक्टमध्ये ओजी टॅग दिसतात म्हणून एजन्सी ‘आमच्याकडे बरोबर आहे’ म्हणेल. ते टॅग जावास्क्रिप्टने मागाहून लावलेले असतील तर व्हॉट्सअ‍ॅपच्या दृष्टीने ते नाहीतच. कंट्रोल-यू उघडा, कंट्रोल-एफने शोधा, सापडलं तर आहे, नाही तर नाही. वाद मिटतो.

गूगलचं जरा वेगळं आहे. त्याचा बॉट, म्हणजे साइटींची पानं वाचत फिरणारं यंत्र, जावास्क्रिप्ट चालवतो, आणि मे २०१९ पासून तो क्रोमच्या ताज्या आवृत्तीवर चालतो. पण आधी कच्चा मजकूर घेतला जातो आणि पान चालवून बघण्याचं काम रांगेत लागतं. गूगलला शेवटी काय दिसलं ते सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सोयीतल्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये बघता येतं. शिवाय कच्च्या सोर्समध्ये ‘नोइंडेक्स’ हा शब्द शोधाच. साइट तयार होत असताना ती गूगलवर येऊ नये म्हणून लावतात आणि साइट सुरू झाली की काढायचं राहून जातं. नव्या साइटला ‘गूगलवर येतच नाही’ म्हणून जे हैराण झालेले असतात, त्यांच्या सोर्समध्ये मी पहिल्यांदा हाच शब्द शोधतो.

एजन्सीला सांगायचं तर एवढंच सांगा की वस्तूंची पानं सर्व्हरवरच तयार होऊन यायला हवीत. त्यांना ‘सर्व्हर-साइड रेंडरिंग’ म्हटलं की कळेल. रिअ‍ॅक्टवाल्यांकडे त्यासाठी नेक्स्ट, व्ह्यूवाल्यांकडे नक्स्ट आहे, त्यात नवल काही नाही.

कंट्रोल-यूबद्दल एक बारकावा. सोर्सची टॅब उघडताना ब्राउझर शक्य असेल तर आधी आलेली प्रत दाखवतो, पण प्रत साठवू नये असं सर्व्हरने सांगितलं असेल तर तो पान नव्याने मागवू शकतो. लॉगिनच्या मागचं पान, मिनिटाला बदलणारे भाव, फॉर्म भरून आलेलं पान अशा ठिकाणी त्यामुळे समोरच्या पानापेक्षा वेगळा सोर्स मिळतो. नेमकं जे आलं तेच हवं असेल तर नेटवर्क पॅनेल आधी उघडा, मग पान आणा आणि यादीतल्या पहिल्या ओळीवर क्लिक करून ‘रिस्पॉन्स’ बघा. शेजारी सर्व्हरने पानासोबत पाठवलेल्या सूचना, म्हणजे हेडरही दिसतात (हे मघाच्या ‘हेडर’ टॅगहून वेगळे), आणि मराठी साइटवाल्यांना त्यांची फार गरज पडते.

कारण मराठी पान बिघडतं तेव्हा तीन प्रकारे बिघडतं, आणि सोर्स उघडला की तिन्ही वेगळे कळतात. पहिला प्रकार: अक्षरांच्या जागी चौकोन. सोर्समध्ये किंवा कॉपी करून दुसरीकडे मजकूर नीट येत असेल तर बिघाड फक्त फाँटचा आहे. दुसरा प्रकार: मराठीच्या जागी विचित्र रोमन चिन्हांचा कचरा, ज्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ए’ पुन्हापुन्हा येतो आणि त्याच्या मागे येनचं नाहीतर चार पाय फुटलेल्या गोलासारखं चिन्ह. हा ओळखीचा आजार आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं आणि त्यातला पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच असतो. ब्राउझरने मजकूर पाश्चात्त्य सांकेतिक पद्धतीचा समजून वाचला की तोच बाइट तिरक्या रेघेचा ‘ए’ होऊन दर तीन चिन्हांनी दिसतो. अशा वेळी हेडमध्ये ‘मेटा कॅरसेट’, म्हणजे पान कोणत्या सांकेतिक पद्धतीत आहे हे सांगणारा टॅग, आहे का ते बघा. तो पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असावा असा नियम आहे. हेडच्या सुरुवातीला कोणी लांबलचक टिप्पणी किंवा स्क्रिप्ट कोंबली तर तो खाली ढकलला जातो. आणि तो जागेवर असूनही कचरा दिसत असेल तर सर्व्हरचा हेडर बघा. हेडरमध्ये वेगळं कॅरसेट लिहिलेलं असेल तर मेटाला कोणी विचारत नाही.

तिसरा प्रकार वाईट: सोर्समध्येच नुसती प्रश्नचिन्हं. याचा अर्थ मजकूर सर्व्हरकडून निघतानाच गेलेला होता. बहुतेकदा डेटाबेसमध्ये साठवतानाच. मायएसक्यूएल या डेटाबेसची आठवी आवृत्ती येईपर्यंत तिथे लॅटिन-१ हीच ठरलेली मांडणी होती आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. कचरा उलटा फिरवून मराठी परत मिळवता येते. प्रश्नचिन्हांतून काही मिळत नाही, बॅकअप शोधावा लागतो.

सोर्समध्ये मराठी अक्षरांऐवजी अँपरसँड, हॅश आणि आकडे दिसले तर मात्र घाबरू नका. २३५० म्हणजे म, २३५२ म्हणजे र, २३६६ हा काना, २३३६ ठ आणि २३६८ दुसरी वेलांटी. ‘मराठी’ झालं. काही जुनी सॉफ्टवेअर असं लिहितात, ब्राउझरला ते चालतं, फक्त फाइल फुगते.

आणि एक पुरातत्त्व खातं आहेच. युनिकोडच्या आधीच्या मराठी पानांचा सोर्स कधी हाती लागला तर त्यात मराठी सापडतच नाही. सगळी इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं, आणि त्यांच्याभोवती फाँट टॅगमध्ये शिवाजी, श्रीलिपी किंवा तसल्याच एखाद्या फाँटचं नाव. तो फाँट संगणकावर असेल तरच मराठी दिसायची. वाचकाला फाँट डाउनलोड करायला लावू नये म्हणून नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोररने आपापले ‘डायनॅमिक फाँट’ काढले होते, एकाची फाइल दुसऱ्याला चालत नसे. अशा पानावर कॅरसेट बदलून काहीच होत नाही. आधी सोर्समधून फाँटचं नाव काढायचं आणि मग त्या फाँटसाठीचा कन्व्हर्टर शोधायचा. जुन्या दिवाळी अंकांची किंवा मंडळांची पानं युनिकोडमध्ये आणणाऱ्यांना हे काम अजूनही करावं लागतं.

राइट क्लिक बंद करणाऱ्या साइटींबद्दल लोक हमखास विचारतात. कविता, पाककृती, लेख यांच्या मराठी साइटींवर हा उपाय लोकप्रिय आहे. मला तो कधीच पटला नाही. जावास्क्रिप्टची एक ओळ मेनू अडवते, एवढंच. मघाचा व्ह्यू-सोर्सचा मार्ग त्या ओळीच्या हाताबाहेर आहे, फायरफॉक्समध्ये शिफ्ट धरून राइट क्लिक केलं तरी मेनू येतो, आणि मजकूर सोर्समध्ये जसाच्या तसा पडलेला असतो. चोरणारा अडत नाही. एखादा शब्द निवडून अर्थ शोधणारा वाचक मात्र वैतागतो. अर्थात मजकूर दिसतो म्हणून तो आपला होत नाही, लेखकाचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने शाबूत असतो.

आता कायदा. मी वकील नाही, पण या धंद्यात राहून जेवढं माहीत करून घ्यावं लागतं तेवढं सांगतो. पानाचा सोर्स म्हणजे सर्व्हरने तुमच्या मागणीवरून तुमच्याच यंत्रात पाठवलेला मजकूर. तो वाचणं म्हणजे घुसखोरी नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६५ मध्ये ‘सोर्स कोड’ असे शब्द आहेत, त्यामुळे लोक घाबरतात. पण ते कलम जो सोर्स कोड कायद्याने जपून ठेवणं बंधनकारक आहे तो मुद्दाम लपवणं, नष्ट करणं किंवा बदलणं याबद्दल आहे. लक्षात ठेवायची कलमं ४३ आणि ६६. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं, माहिती उचलणं ४३ मध्ये येतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे सोर्समध्ये कोणाचा पासवर्ड दिसला तर तो दिसण्यात तुमचा दोष नाही. तो वापरून आत गेलात की दोष सुरू झाला. पत्त्यातला क्रमांक बदलून दुसऱ्यांची बिलं, निकालपत्रं उघडत बसणं हेही सोर्स बघण्यात मोडत नाही, तिथे हात आवरता घ्यावा.

सत्तेवरच्या माणसाला हा फरक कळला नाही की काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात घडलं. तिथल्या शिक्षण खात्याच्या साइटवर शिक्षकांची प्रमाणपत्रं शोधायची सोय होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच’ या वृत्तपत्राच्या एका पत्रकाराच्या लक्षात आलं की त्या पानांच्या एचटीएमएल सोर्समध्ये शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिथले गोपनीय ओळख क्रमांक, आहेत. एक लाखाहून जास्त शिक्षकांचे क्रमांक उघडे पडले असण्याची शक्यता होती. वृत्तपत्राने आधी खात्याला कळवलं, खात्याने ती सोय बंद केली आणि त्यानंतरच बातमी छापली. एवढं नीट वागूनही गव्हर्नर माइक पार्सन यांनी पत्रकार परिषद घेऊन त्याला हॅकर ठरवलं आणि खटल्याची भाषा केली. राज्याच्या हायवे पॅट्रोलने तपास केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलाने गुन्हा दाखल करायला नकार दिला, आणि प्रकरण संपलं. पण मधले चार महिने त्या माणसाने काय काढले असतील! म्हणून आपल्याकडे असं काही दिसलं तर कोणत्या पानावर काय दिसलं याची नोंद करा, माहिती साठवू नका, गटात फॉरवर्ड तर अजिबात नको, आणि साइटच्या मालकाला कळवा. सरकारी साइट असेल किंवा मालक दाद देत नसेल तर सर्ट-इन ही केंद्राची संस्था अशा तक्रारी घेते.

तुमच्या स्वतःच्या साइटवर मात्र खुशाल उकरा, किंबहुना उकराच. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये ‘हिडन’ प्रकारचे इनपुट शोधा. त्यात ‘प्राइस’ आणि ४९९ असं दिसलं तर इन्स्पेक्टमध्ये त्या आकड्यावर डबल क्लिक करून १ लिहा आणि ऑर्डर पुढे न्या. पेमेंटच्या पानावर ४९९ च आले तर किंमत सर्व्हर स्वतः ठरवतोय, उत्तम. एक रुपया आला तर ऑर्डर तिथेच सोडा आणि एजन्सीला त्याच दिवशी फोन लावा. पडद्यावर न दिसणारी गोष्ट ग्राहकाच्या हातात नाही असं समजून लिहिलेला कोड अजूनही बराच सापडतो.

त्याच बैठकीत सोर्समधल्या टिप्पण्या वाचा. विकासकाने स्वतःसाठी लिहिलेले निरोप, चाचणीच्या सर्व्हरचे पत्ते, कधी पासवर्डही तिथे राहिलेले असतात. जावास्क्रिप्टच्या फाइलींबरोबर ‘मॅप’ फाइली चढवल्या आहेत का तेही बघा. त्या असतील तर एफ-१२ च्या सोर्सेस पॅनेलमध्ये मूळ कोड फाइलींच्या नावांसकट उलगडतो. गूगल मॅप्सची की, म्हणजे ती सेवा वापरण्यासाठीचा सांकेतिक शब्द, सोर्समध्ये दिसली म्हणून मात्र कोणाला धारेवर धरू नका. ती दिसणारच, ती फक्त तुमच्याच साइटच्या पत्त्यावरून चालेल असं बंधन घातलंय का एवढं विचारा. पेमेंटची गुप्त की दिसली तर तो दिवस वेगळा आहे, ती तासाभरात बदलून घ्या.

कंट्रोल-यू एका ठिकाणी दगा देतं, तेही सांगून ठेवतो. वर्डप्रेसच्या साइटमध्ये कोणी घुसून जुगाराचे किंवा नकली औषधांचे दुवे पेरले असतील तर बऱ्याचदा ते फक्त गूगलच्या बॉटला दाखवले जातात. मालकाने सोर्स उघडला तर तो स्वच्छ. गूगलवर आपल्या साइटच्या नावाखाली भलतीच वर्णनं येत असतील आणि सोर्समध्ये काही सापडत नसेल तर सर्च कन्सोलमधून गूगलला मिळालेलं पान बघा.

मोबाईलवर, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये व्ह्यू-सोर्स कोलन पत्त्याआधी लावलं की काम होतं. कधीकधी क्रोम त्याचा शोधच घ्यायला निघतो, तेव्हा पत्ता ‘एचटीटीपीएस’पासून पूर्ण लिहा. वाचायला त्रास होतो, म्हणून मी केबल लावून संगणकावरच्या क्रोममधून मोबाईलचं पान इन्स्पेक्ट करतो. त्यासाठी फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करावं लागतं. आयफोनच्या सफारीत सोर्स बघायची स्वतःची सोय नाही. सेटिंग्जमध्ये सफारीचा वेब इन्स्पेक्टर चालू करून फोन मॅकला जोडावा लागतो.

दुकान चालवता म्हणून शेवटची गोष्ट. इन्स्पेक्टमध्ये कोणताही आकडा कोणालाही बदलता येतो. बदल फक्त त्याच्या पडद्यावर असतो आणि रीलोड केलं की जातो, पण स्क्रीनशॉट काढायला तेवढा वेळ पुरतो. ‘परतावा चुकून जास्त जमा झाला, वरचे पैसे परत करा’ असं फोनवर सांगून, तुमच्याच संगणकावर रिमोटने शिरून बँकेच्या पानावरची शिल्लक अशीच फुगवून दाखवणाऱ्या टोळ्या आहेत. ऑनलाइन पैसे पाठवल्याचा ग्राहकाचा स्क्रीनशॉट हा त्यामुळे पुरावा धरू नका, तुमच्या खात्यात नोंद आली का ते तुमच्या फोनवर बघा. आणि ऑर्डर अडकली, कूपन मिळवायचंय, अशा कारणाने कोणी एफ-१२ दाबून कन्सोलमध्ये, म्हणजे तिथल्या जावास्क्रिप्ट चालवण्याच्या पॅनेलमध्ये, काही पेस्ट करायला सांगितलं तर करू नका. तो कोड तुमच्या लॉगिनने चालतो. फेसबुकने आपल्या कन्सोलमध्ये मोठ्या लाल अक्षरांत ‘थांबा’ असा इशारा लिहून ठेवलाय तो याचसाठी, आणि फायरफॉक्स, क्रोमही आता पेस्ट करण्याआधी तुमच्याकडून परवानगीचे शब्द हाताने टाइप करून घेतात.